निर्मलावहिनीचा फसलेला प्रयोग

दादाचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून बिरडं सोलत होते. दादा कधी फोन करत नाही. पेणहून आम्हाला रोह्याला फोन यायचा तो वहिनीचा, आणि तो एकदा उचलला की आपण नुसते हुंकार देत बसायचं. त्यामुळे दादाचं नाव बघून मी ओल्या हातानेच फोन उचलला. "शुभे, ये," एवढंच तो म्हणाला. काय झालं, कुणाला झालं, काही नाही. मी विचारलं, "वहिनी बरी आहे ना रे?" तर त्याने फोन बंद केला. सोललेले वाल तसेच पाण्यात राहिले. मिळाली त्या गाडीत बसले. नागोठणं गेलं, कासू गेलं, आणि मी खिडकीशी बसून स्वतःलाच समजावत होते की पडली असेल, हातबित मोडला असेल, घाईची बाई ती. पेणला रामवाडीत दादाच्या दारात चपलांचा ढीग दिसला आणि मग कुणी काही सांगायची गरज उरली नाही. वहिनी पहाटे चहा ठेवायला उठली आणि स्वयंपाकघरातच कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तो शनिवार होता. दुपारी सगळं उरकून माणसं परतली, बायका बाहेर बसल्या होत्या, आणि आतून वहिनीचा फोन वाजायला लागला. मागच्या खोलीत, खिडकीशी तिची एक प्लास्टिकची खुर्ची असे, कारण त्या घरात रेंज येते ती तिथेच. फोन त्या खुर्चीतच पडलेला. पडद्यावर नाव होतं रेहेमा. दर शनिवारी त्या दोघी शाळेच्या कामाचं बोलायच्या, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी डोक्यात काही राहिलं नव्हतं. मी फोन उचलला. समोर डोक्याला रंगीत ओढणी गुंडाळलेली, हसऱ्या चेहऱ्याची बाई, आणि तिच्या मागे नारळाची झाडं. मला बघून ती गोंधळली. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी कसंबसं सांगितलं. ती जी मोठ्याने रडायला लागली ना... अगदी आपल्या खाडीकडच्या बायका गळा काढून रडतात तशी. सकाळपासून मी कोरडीच होते. तिचं ऐकून मला फुटलं. माझ्या वहिनीसाठी मी पहिल्यांदा रडले ते केनियातल्या एका बाईबरोबर, जिला मी त्याआधी धड बघितलंही नव्हतं.

वहिनी आमच्याकडे लग्न होऊन आली ती डी.एड. करूनच. आमचं मूळ घर धरमतरकडचं, खारपाटातलं, खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतलं. वडील थोडी भातशेती करायचे आणि उन्हाळ्यात मिठागरावर जायचे. घरात बोलायची पद्धत नाही. जेवण झालं की नाही एवढं कळलं म्हणजे संसार चालला. अशा घरात ही आली, आणि हिचा आवाज असा की ही वर्गात पाढे म्हणायला लागली की बाहेर रस्त्यावरचा रिक्षावाला सुद्धा सोबत म्हणेल. माझं आणि तिचं पहिल्या वर्षी कालवणातल्या मिठावरून जे वाजलं ते शेवटपर्यंत वाजतच राहिलं. "वन्सं, तुम्हाला मिठागराची मुलगी कोण म्हणेल, चिमूटभर टाकता!" असं ती चारचौघात म्हणायची. मीही रोह्याच्या हायस्कुलात मास्तरीणच होते, गप्प बसणाऱ्यातली नाही. नणंद-भावजयीचं कुठे जमत नसेल तर नसो, आमचं भांडून भांडून जमलं. त्या दोघांना मूल झालं नाही. त्याबद्दल घरात कुणी बोललं नाही, ती दोघंही बोलली नाहीत. दादा धरमतरच्या जेटीवर कामाला लागला, शिफ्टमध्ये जायचा यायचा. वहिनी खाडीकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत जायची.

आता तिच्या प्रयोगाबद्दल सांगते, कारण त्यासाठीच हा लेख लिहायला बसले आहे. आमच्या शिक्षकांच्या जगात कृतिसंशोधन नावाचा एक प्रकार असतो. आपल्याच वर्गातली एक अडचण घ्यायची, तिच्यावर एखादा उपाय करून बघायचा, काय होतं ते नीट पाहायचं आणि लिहायचं. कल्पना सोन्यासारखी. पण आपल्याकडे तिचं काय होतं ते शिक्षकांना विचारा! वरून फर्मान येतं, मार्च जवळ आलेला असतो, आणि मग मागच्या वर्षीच्या अहवालातलं नाव बदलून शेवटी वाक्य लिहायचं, 'उद्दिष्ट साध्य झाले.' इतक्या वर्षांत एकाही शिक्षकाचं उद्दिष्ट असाध्य राहिल्याचं मी वाचलेलं नाही. सगळ्या जिल्ह्याची मुलं कागदावर हुशार झालेली आहेत.

वहिनीचंही तसंच चाललं असतं. पण परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाने वेगवेगळ्या देशांतल्या शाळांच्या जोड्या लावायचं ठरवलं. दोन शाळांनी एकच प्रयोग करायचा, एकमेकींचे तास व्हिडिओवर बघायचे, आणि शेवटी दोघींनी मिळून एक लेख लिहायचा. तिच्या तालुक्यात कुणी पुढे होईना, इंग्रजी बोलावं लागेल म्हणून. वहिनीचं इंग्रजी धक्का मारून चालू होणारं, पण भीड नावाची गोष्टच नाही. तिने नाव दिलं. जोडीला आली रेहेमा, केनियाच्या किनाऱ्यावरच्या गावातली. तिच्याही गावाजवळ मिठागरं. तिच्याही वर्गातल्या मुलांचे आईबाप मीठ ओढायला जाणारे. पहिल्याच शनिवारी दोघींनी कॅमेऱ्यापुढे आपापल्या गावचा मिठाचा खडा धरला म्हणे, आणि कुणाचा जास्त पांढरा यावरून वाद घातला. वहिनीने मला फोन करून सांगितलं, "वन्सं, ही माझ्यासारखीच हाय. ऐकून घेत नाय." पुढे तिने रेहेमाला पेणचे पोह्याचे पापड पाठवले. ते भाजायचे असतात हे सांगायला विसरली. त्या माउलीने कच्चेच चावून खाल्ले आणि फार छान आहेत म्हणून कळवलं! किती दिवस हसत होतो आम्ही त्यावर.

प्रयोग त्यांनी ठरवला तो वरवर बघता अगदी साधा. वर्गात प्रश्न नेहमी बाई विचारतात. तर आता मुलांनी विचारायचे. रोज तासाच्या शेवटी मुलांनी बाईंना मनातलं काहीही विचारायचं. रेहेमाच्या वर्गात थोड्याच दिवसांत हात वर व्हायला लागले. मासे झोपतात का, भारतात मीठ कोण उचलतं, बाई तुम्ही लहान असताना मार खाल्ला होता का. वहिनीच्या वर्गात ढिम्म. "विचारा रे काहीतरी," म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात "व्हय बाई!" म्हणायचा आणि गप्प. फार आग्रह केला की एखादा हात वर यायचा आणि प्रश्न यायचा, "बाई, पाणी प्यायला जाऊ?"

मग वहिनीने जे केलं ते आपल्याकडचीच मास्तरीण करू जाणे. तिने प्रश्न बसवून घेतले. स्नेहसंमेलनाचं नाटुकलं बसवतात तसे! प्रत्येकाला एकेक प्रश्न वाटून दिला, पाठ करून घेतला, तालमी घेतल्या. शनिवारी रेहेमा बघत असताना एकेक मूल उठलं, हाताची घडी घातली आणि खणखणीत आवाजात म्हणालं, "समुद्राचे पाणी खारट का असते समुद्राचे पाणी खारट असते कारण त्यात क्षार असतात." प्रश्न आणि उत्तर एका दमात, आणि बसलं. एक झालं, दुसरं, तिसरं... सगळी तशीच. वहिनीने प्रश्न दिला होता, उत्तर पोरांनी आपापलं शोधून पाठ करून आणलं होतं, कारण उत्तर नसलेला प्रश्न बाई देतील असं त्यांना वाटलंच नाही. वहिनीने तिला अर्थ सांगितला तेव्हा रेहेमा हसली नाही. तिने फक्त विचारलं, "निर्मला, तुमच्याकडे मुलं घरी कुणाला प्रश्न विचारतात?"

 वहिनीला ते लागलं. पण गंमत बघा, त्याच शनिवारी तिनेही रेहेमाला एक विचारलं होतं. रेहेमाच्या वर्गाचे व्हिडिओ ही बारकाईने बघायची. तिने विचारलं, "तुझ्या वर्गात हात वर करणारे सगळे मुलगेच कसे? मागे बसलेल्या मुली कुठे आहेत?" रेहेमाने रोज तो वर्ग बघितलेला, तिला हे कधी दिसलं नव्हतं. वहिनी मला म्हणाली होती, "आपलं घर आपल्याला दिसत नाय वन्सं. लांबून कुणीतरी बघायला लागतं." एवढ्या लांब देशांतल्या दोन बायकांना एकत्र आणून काय साधतं, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. त्या एकमेकींच्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या आणि जे दिसलं ते तोंडावर बोलल्या. सख्ख्या बहिणी बोलत नाहीत हो!

मग वहिनी मुलांच्या घरी जायला लागली. शाळा सुटल्यावर, उन्हाची, मिठागरांच्या बांधावरून. एका आईला तिने विचारलं, पोरं तुम्हाला काय काय विचारतात? ती बाई घमेलं खाली ठेवून म्हणाली, "इचारतील कशाला? काम सांगितलं का करतान." त्यात तक्रार नव्हती, कौतुकच होतं. सगळीकडे हेच. आपल्याकडे न विचारणारं मूल म्हणजे चांगलं मूल. विचारलं की ते तोंड वर करून बोलतंय. ते ऐकून वहिनीने ठरवलं की हा प्रयोग फसला, आणि तसंच लिहायचं.

लेखातला तिचा भाग इंग्रजीत करायला ती माझ्याकडे रोह्याला आली. दुपारभर आम्ही बसलो होतो. बाकीचं झाल्यावर तिने शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. मूळ मराठी माझ्याकडे आहे, जसंच्या तसं देते. 'हा प्रयोग माझ्या वर्गात फसला. माझी मुले प्रश्न विचारत नाहीत, कारण त्यांना कुणी प्रश्न विचारत नाही. घरी त्यांना कामे सांगतात. हे बघायला मी दुसऱ्यांच्या घरी गेले, पण तेवढे लांब जायची गरज नव्हती. माझ्या घरीही असेच आहे. माझे पती चांगले आहेत. त्यांनी मला कधी दुखावले नाही. आज शाळेत काय झाले, हे त्यांनी मला कधी विचारलेले नाही. जेटीवर काय झाले, हे मीही त्यांना विचारले नाही. संध्याकाळी घरात दोन माणसे असतात आणि एकही प्रश्न नसतो.'

मी म्हटलं, "अगो, दादा वाचेल ना हे."

"वाचू दे की," ती म्हणाली. "वाचलंन तर विचारेल तरी!" आणि हसली. वहिनी हसली की तिचे खांदे हलायचे. त्या दिवशी हसताना ती माझ्याकडे बघत नव्हती. लेख पूर्ण झाला की मराठी प्रत ती दादाच्या हातात देणार होती. कशी देणार, कधी देणार, चहाबरोबर की जेवल्यावर, याचेही बेत चालले होते तिचे. या वयात, नवऱ्याने आपल्याला काहीतरी विचारावं म्हणून, एवढा खटाटोप... आणि ती प्रत द्यायच्या आधीच ती गेली.

शाळेत शोकसभा झाली. फोटोला हार, उदबत्ती, पुढे मुलं मांडी घालून बसलेली. दादा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. एकामागून एक माणसं बोलली, मनापासून बोलली, खोटं कशाला सांगू. शेवटी एक अधिकारी उठले. निर्मलाबाईंचा आंतरराष्ट्रीय प्रयोग कसा संपूर्ण यशस्वी झाला, मुलं कशी निर्भयपणे प्रश्न विचारू लागली, बाईंनी जिल्ह्याचं नाव कसं सातासमुद्रापार नेलं... मी ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं, आणि कृतिसंशोधनाबद्दलही चांगलंच लिहायचं, या दोन्ही सवयी तिथे एकत्र येऊन माझ्या वहिनीला दुसऱ्यांदा जाळत होत्या. मी उठले. "साहेब, तो प्रयोग फसला होता," मी म्हटलं. "तिनेच तसं लिहून ठेवलंय."  बिचारे साहेब घामाघूम. मागून कुणीतरी माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

सभेनंतर ते माझ्याकडे आले आणि तिने काय लिहिलंय ते मी त्यांना थोडक्यात सांगितलं. माणूस सज्जन. म्हणाले, "ताई, लेख जाऊ दे ना, पण तो शेवटचा परिच्छेद काढून. बाई गेल्या. आता त्यांच्या नावावर अपयश कशाला? आणि घरचंही काही आहे म्हणता त्यात." दादा शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर म्हणाला, "वाच." मी तो परिच्छेद वाचला. दादा भिंतीकडे बघत होता. वाचून झाल्यावर तो पाणी प्यायला, त्याने पेला पालथा घातला. "काढून टाक," म्हणाला. "घरातलं चव्हाट्यावर कशाला?" आणि शिफ्टचा डबा भरलेला नव्हता तरी पिशवी उचलून कामावर निघून गेला.

आता निर्णय त्याचा होता. वहिनीमागे तिच्या लिखाणावर हक्क त्याचाच, आणि विद्यापीठाचे लोक त्याच्या होकाराशिवाय पुढे जाणार नव्हते. मी रेहेमाला कळवलं. मला वाटलं होतं, ती समजूतदारपणे बरं म्हणेल, कारण त्यांच्याकडेही गेलेल्या माणसाचं वाईट बोलत नाहीत हे तिने आधी सांगितलं होतं.  पण ती म्हणाली, "मागच्या बाकावरच्या मुली निर्मलाने मला दाखवल्या. माझा अर्धा प्रयोग फसला, हे मी तिच्यामुळे लिहिलं. तिचा परिच्छेद जाणार असेल तर माझाही काढते. मग लेखात काही उरत नाही. तुझ्या भावाला एवढं सांग." मी दादाला सांगितलं. त्यावर तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. माझा भाऊ आहे, मला त्याचा राग आला होता. तिने आयुष्यात एक खरी गोष्ट लिहिली आणि हा ती पुसायला निघालाय, असं मला वाटत होतं. मी त्याच्याशी बोलणंच सोडलं.

मग एका रविवारी तो न सांगता रोह्याला आला. ओट्यावर बसला. चहा दिला तो प्यायला. आणि म्हणाला, "ठेव."

"काय ठेव?"

"तिचा तो परिच्छेद. हाय तसा ठेवा म्हणावं त्या बाईला." मी बरं म्हटलं. वाटलं, आता उठेल. पण तो बसूनच राहिला, रिकामी बशी हातात फिरवत. आणि खाली बघतच म्हणाला, "शुभे, काय विचारायला पायजे होतं गो मी तिला?"

सगळा जन्म मी वर्गात उत्तरं दिली आहेत.  मी आत जाऊन पदर तोंडाला लावून रडले. बाहेर येऊन बघते तर तो तसाच, उत्तराची वाट बघत बसलेला.

लेख तिकडे गेला, शेवटच्या परिच्छेदासकट. आणि आता दादाचा फोन येतो. शिफ्टवरून आला की मागच्या खोलीत, तिच्या खुर्चीत बसून करतो. बोलायला त्याला अजून जमत नाही. एकच काहीतरी विचारतो आणि थांबतो. "शाळेत ती डबा कुणाबरोबर खायची गो?" "लग्नाच्या आधी तिला कुठं फिरायला जायचं होतं, कधी बोललीवती का?" "त्या बाईशी बोलताना एवढी कशाला हसायची?" मला माहीत असतं ते मी सांगते. काही रेहेमाला विचारून सांगते. मला वाटायचं, हे बरं झालं, उशिरा का होईना.

परवाही त्याचा फोन आला. म्हणाला, "शुभे, ती गेली त्या रातीला सारखी कूस बदलत होती. मी जागाच होतो. मला कळत होतं. तिला काय होत होतं, तुला काय बोलली होती का गो आधी?"

"नाही रे दादा," मी म्हटलं. "मला काही बोलली नव्हती."

पलीकडे मागच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.